नोकरीतील भेदभाव : आरोप, पुरावा आणि नाममात्र प्रतिनिधित्वाचा वाद

नवी दिल्ली : मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे, तसेच केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे मुख्य पीठही आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या, पदोन्नती, ज्येष्ठता, विभागीय चौकशी आणि निवृत्तिवेतन यांविषयीचे वाद येथे अवघ्या ५० रुपयांच्या शुल्कात दाखल करता येतात. नियमांचा अर्थ आणि कागदपत्रांची छाननी हे या न्यायाधिकरणाचे नित्याचे काम. मात्र काही अर्जांच्या मुळाशी एक वेगळा प्रश्न असतो : पदोन्नती नाकारली गेली ती कामगिरीमुळे, की अर्जदार कोण आहे यामुळे?

जात, वंश, लिंग किंवा प्रदेश यांवरून नोकरीत भेदभाव होतो, असा आरोप होताच दोन बाजू उभ्या राहतात. भेदभाव उघडपणे क्वचितच बोलून दाखवला जातो, त्यामुळे त्याचा पुरावा मागणे म्हणजे तक्रारच नाकारणे होय, असे एक बाजू म्हणते. प्रत्येक प्रतिकूल शेऱ्यामागे द्वेष शोधला तर वरिष्ठांना प्रामाणिक मूल्यमापनच करता येणार नाही, असे दुसरी बाजू म्हणते. भारतीय कायदा या दोन बाजूंमध्ये नेमका कुठे उभा आहे, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील एका प्रकरणाकडे पाहावे लागते.

कराडचा शेरा, देशाचा कायदा

सातारा जिल्ह्यातील कराड येथील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात अनुसूचित जातीतील एक कर्मचारी भांडारपाल म्हणून काम करीत होते. त्यांच्या वार्षिक गोपनीय अहवालात दोन वरिष्ठांनी सचोटी व चारित्र्याविषयी प्रतिकूल शेरा नोंदवला. हा शेरा जातीय आकसातून लिहिला गेला, असे म्हणत त्यांनी २००६ मध्ये अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ अन्वये पोलिसांत तक्रार केली. लोकसेवकांवर खटला चालवण्यास आवश्यक असलेली मंजुरी २०११ मध्ये तंत्रशिक्षण संचालकांनी नाकारली. पुढे २०१६ मध्ये मंजुरी नाकारणाऱ्या संचालकांविरुद्धही गुन्हा नोंदवण्यात आला.

संचालकांची याचिका सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आणि ‘सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखला जाणारा निकाल २० मार्च २०१८ रोजी लागला. न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. त्याचबरोबर या कायद्याखालील तक्रारींमध्ये प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेपूर्वी पूर्वपरवानगी घ्यावी लागेल, असे सर्वसाधारण निर्देशही दिले. त्याविरोधात २ एप्रिल २०१८ रोजी दलित संघटनांनी भारत बंद पुकारला. काही राज्यांत हिंसाचार होऊन जीवितहानी झाली. त्याच वर्षी संसदेने कायद्यात कलम १८ अ समाविष्ट करून प्राथमिक चौकशीची आणि पूर्वपरवानगीची अट दूर केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले पूर्वीचे निर्देश मागे घेतले. खोटी तक्रार हा मानवी स्वभावाचा दोष असून तिचा संबंध जातीशी जोडता येत नाही, असे या वेळी न्यायालयाने नमूद केले. फेब्रुवारी २०२० मध्ये कलम १८ अ वैध ठरले.

देशभरात चर्चा झाली ती अटक, जामीन आणि कायद्याचा गैरवापर यांची. मूळ प्रश्न मात्र एका कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनाचा होता : शेरा कामावरून लिहिला गेला की जातीवरून? १४ वर्षांच्या या प्रवासात या प्रश्नाची गुणदोषांवर तपासणी कोणत्याही मंचासमोर साक्षीपुराव्यानिशी पूर्णत्वास गेली नाही. भेदभावाच्या तक्रारींची खरी अडचण या प्रकरणातून स्पष्ट होते.

दोन दारे आणि मधली पोकळी

भेदभाव झाल्याचे वाटणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यापुढे मुख्यतः दोन दारे असतात. पहिले दार न्यायाधिकरणाचे. घटनेच्या अनुच्छेद ३२३ अ नुसार १९८५ मध्ये प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा झाला आणि त्याच वर्षी केंद्रीय न्यायाधिकरण अस्तित्वात आले. महाराष्ट्र राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी १९९१ पासून स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. येथे येण्यापूर्वी खात्यांतर्गत दाद मागितलेली असावी लागते. अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. खात्याने निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर दिले नाही, तर त्यापुढील एक वर्षात अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाकडे जाता येते. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने ही व्यवस्था निश्चित केली.

मात्र न्यायाधिकरण आदेशाची कायदेशीरता तपासते. विभागीय पदोन्नती समितीच्या जागी बसून उमेदवारांना नव्याने गुण देत नाही. वरिष्ठाचा हेतूच दूषित होता, असे म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो आणि तो फार जड असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या रोयप्पा प्रकरणात सांगितले आहे. ज्या अधिकाऱ्यावर आकसाचा आरोप आहे, त्याला नावानिशी प्रतिवादी करून आपली बाजू मांडण्याची संधीही द्यावी लागते.

दुसरे दार फौजदारी कायद्याचे. अत्याचार प्रतिबंध कायद्यात जातिवाचक अपमान हा गुन्हा आहे, परंतु तो लोकांच्या दृष्टीसमोर घडलेला असावा लागतो. बंद खोलीत, कोणीही साक्षीदार नसताना काढलेले उद्गार या कलमात बसत नाहीत, असे २०२० च्या हितेश वर्मा निकालात स्पष्ट झाले. २०१५ च्या दुरुस्तीने नोकरी-व्यवसाय करण्यास जातीवरून आडकाठी करणे हाही गुन्हा ठरला. फौजदारी न्यायालयात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. बैठकीस न बोलावणे, महत्त्वाचे काम न देणे, प्रशिक्षणासाठी दरवेळी दुसऱ्याचे नाव सुचवणे, या गोष्टी त्या कसोटीवर टिकणे अवघड असते.

म्हणजे एका दाराशी नियमभंग दाखवावा लागतो, दुसऱ्या दाराशी गुन्हा. नियम पाळूनही होणारा आणि गुन्ह्याच्या व्याख्येत न बसणारा भेदभाव या दोहोंच्या मधल्या पोकळीत राहतो. अनुसूचित जाती आयोगाला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. परंतु तो मनाई हुकूम देऊ शकत नाही, असे १९९६ मध्येच ठरले आहे. परिणामी अनेक तक्रारदार फौजदारी मार्ग पत्करतात. त्या मार्गावर निर्दोष सुटलेला वरिष्ठ ‘आरोप खोटा होता’ असे म्हणतो, तर तक्रारदार ‘न्याय मिळाला नाही’ असे म्हणतो. प्रत्यक्षात आरोप सिद्ध न होणे आणि आरोप खोटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘चांगला’ हा शेराही अडसर

गोपनीय अहवाल हा या वादांचा केंद्रबिंदू का असतो, याचे उत्तर २००८ च्या देव दत्त निकालात सापडते. सीमा रस्ते संघटनेतील एका कार्यकारी अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ ही अट होती. त्यामुळे दिसायला अनुकूल असलेला शेरा प्रत्यक्षात त्याची बढती रोखणारा ठरला, आणि तो त्याला कळवण्यातही आला नव्हता. प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे, मग ती अनुकूल असो वा प्रतिकूल, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. केंद्र सरकारने २००९ मध्ये संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचे आदेश काढले. या प्रकरणात जातीचा प्रश्न नव्हता, परंतु भेदभावाची शंका असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला त्यातून एक साधन मिळाले. जो शेरा वाचता येतो, त्यालाच आव्हान देता येते.

२५ मार्च २०२१ च्या नितीशा निकालाने आणखी पुढचे पाऊल टाकले. लष्करातील महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती देताना पूर्वीच्या गोपनीय अहवालांचा आधार घेण्यात आला होता. ते अहवाल लिहिले गेले तेव्हा या अधिकाऱ्यांना कायम नियुक्तीची संधीच नव्हती, त्यामुळे त्यांचे मूल्यमापन त्या गांभीर्याने झाले नव्हते. वरकरणी सर्वांना सारखा असलेला निकष एका गटाला विषम फळ देतो तेव्हा तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो आणि त्यासाठी कोणाचा वाईट हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, असे तत्त्व न्यायालयाने स्वीकारले. हेतूऐवजी परिणाम पाहण्याची ही दृष्टी अमेरिकेत १९७१ च्या ग्रिग्ज निकालापासून रुजली आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार तक्रारदाराने प्रथमदर्शनी पुरेशी परिस्थिती दाखवली की भेदभाव झाला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. भारतात सर्व नोकऱ्यांना लागू होईल असा नियम अद्याप कायद्याच्या पुस्तकात नाही.

वंश आणि जात

घटनेच्या अनुच्छेद १६(२) मध्ये सरकारी नोकरीसाठी निषिद्ध ठरवलेल्या आधारांत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांचा उल्लेख आहे. वंश आणि जात हे शब्द तेथे वेगवेगळे आहेत. जात म्हणजे वंश नव्हे, ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लेखनातून सातत्याने मांडली. तरीही दोन्ही अन्यायांतील साम्य त्यांनी ओळखले होते. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या याचिकेची माहिती मागवली होती. २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न वंशवादाच्या चौकटीत आणण्यास भारत सरकारने विरोध केला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने कूळ या संज्ञेत जातीचाही समावेश होतो, असे मत दिले.

नोकरीतील जातिभेदाला मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास साक्षी आहे. तेथे अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या साचेखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून इतर विणकर त्यांच्यासोबत काम करण्यास नकार देत. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे ठेवला. त्याआधी १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या आंबेडकरांना बडोदा संस्थानच्या नोकरीत असताना राहण्याच्या जागेतून हुसकावून लावण्यात आले होते. पदवी आणि पद हाती असूनही वागणूक बदलली नव्हती.

वंशाचा प्रश्न राजधानीत वेगळ्या रूपात दिसतो. अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निडो तानिया याचा जानेवारी २०१४ मध्ये लाजपतनगर भागात झालेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्य भारतीयांवरील वांशिक शेरेबाजी आणि हल्ल्यांसाठी स्वतंत्र दंडतरतुदींची शिफारस केली. दिल्ली पोलिसांनी या समाजासाठी विशेष कक्ष आणि १०९३ ही मदतवाहिनी सुरू केली. पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने वंश, जात अशा कारणावरून केलेल्या हत्येचा स्वतंत्र उल्लेख १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. परंतु या तरतुदी रस्त्यावरच्या हिंसेसाठी आहेत. मुलाखतीच्या खोलीतील नकाराला त्या लागू पडत नाहीत.

नाममात्र प्रतिनिधित्व म्हणजे काय?

वादाचा दुसरा धागा नाममात्र प्रतिनिधित्वाचा. एखाद्या समूहातील एक-दोन व्यक्तींना घेऊन ‘आमच्याकडे भेदभाव नाही’ असे दाखवणे, हा त्याचा साधा अर्थ. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये याचा अभ्यास मांडला. एखाद्या गटाचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्यातील व्यक्तीकडे व्यक्ती म्हणून न पाहता तिच्या समूहाचे प्रतीक म्हणून पाहिले जाते. तिच्या चुका ठळक दिसतात, यश अपवाद मानले जाते आणि ठरावीक साच्यातील कामेच तिच्या वाट्याला येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भारतातील आरक्षणाची रचना संख्येची हमी देते, पण तीही एका मर्यादेपर्यंत. केंद्रीय सेवांतील खुल्या स्पर्धेने होणाऱ्या थेट भरतीत अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि इतर मागासवर्गांना २७ टक्के जागा आहेत. बिंदुनामावलीत या टक्केवारीनुसार इतर मागासवर्गाचा पहिला बिंदू चौथ्या, अनुसूचित जातीचा सातव्या आणि जमातीचा चौदाव्या स्थानी येतो. दहा पदांच्या संवर्गात नियमाचे काटेकोर पालन झाले, तरी अनुसूचित जातीची एकच व्यक्ती असेल. एकाकी पदाला आरक्षण लागू होत नाही, हे १९९८ मध्ये ठरले आहे. कँटर यांनी वर्णन केलेली स्थिती अशा लहान संवर्गांत कोणाचाही दोष नसताना निर्माण होते. पदोन्नतीतील आरक्षणाबाबत जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिनिधित्वाची आकडेवारी संवर्गनिहाय गोळा करण्यास सांगितले. एकूण सेवेचा आकडा समाधानकारक दिसला, तरी वरच्या पायऱ्या रिकाम्या असू शकतात, ही बाब त्यामुळे झाकली जात नाही.

खासगी क्षेत्रात संख्येची हमीही नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची पाहणी झाली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतील होते. अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्के होते. महिलांबाबत २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांत किमान एक महिला संचालक बंधनकारक केली. काही कंपन्यांनी मालक कुटुंबातील महिलेची नियुक्ती करून अट पूर्ण केली. त्यानंतर ‘सेबी’ने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांसाठी स्वतंत्र महिला संचालकाची अट घातली. एका जागेचा नियम देखावा कसा ठरू शकतो आणि तो दुरुस्त कसा करता येतो, हे या उदाहरणातून दिसते.

‘नाममात्र’ हा शब्द मात्र दुधारी आहे. संस्थेच्या देखाव्यावर टीका करताना तो योग्य ठरतो. पण नियुक्त झालेल्या व्यक्तीवर तो लादला की तिची पात्रताच नाकारली जाते. ‘आरक्षणातून आलेला’ हा टोमणा याच जातीचा. प्रतिनिधित्वामुळे कार्यक्षमता घसरते, हा त्यामागचा समज तपासून पाहण्यात आला आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास केला. वरिष्ठ श्रेणींत अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता कमी झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही.

नावावरून होणारी निवड

खासगी नोकरीतील भेदभाव मोजण्याचा महत्त्वाचा प्रयत्न मूळचे अमरावतीचे अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वृत्तपत्रांतील जाहिरातींना तुल्य पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. फरक होता तो नावांचा. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील फेरीसाठी बोलावले जाण्याचे गुणोत्तर ०.६७, तर मुस्लिम नावाच्या अर्जदाराचे ०.३३ होते. यात कोणा एका व्यवस्थापकाचा द्वेष सिद्ध होत नाही. तरीही हजारो अर्जांचा कल एकाच दिशेने झुकतो, तेव्हा प्रत्येक नकाराला ‘गुणवत्ता’ हे उत्तर पुरत नाही.

असा नकार मिळालेल्या उमेदवाराला भारतात दाद मागण्यासाठी सर्वसमावेशक कायदा नाही. अपंग, एचआयव्हीबाधित आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१६, २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी खासगी आस्थापनांवर बंधने घातली. जात, धर्म किंवा वंश यांबाबत तशी व्यापक तरतूद नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली आणि माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडा दिला. तो आयोग स्थापन झाला नाही.

हा प्रश्न आता परदेशातील भारतीयांच्या कार्यालयांतही पोहोचला आहे. कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने २०२० मध्ये एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून ‘सिस्को’ कंपनी आणि दोन भारतीय वंशाच्या अभियंत्यांवर दावा दाखल केला. एप्रिल २०२३ मध्ये दोन्ही अभियंत्यांविरुद्धचा दावा मागे घेण्यात आला. कंपनीविरुद्धचा दावा कायम ठेवण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला स्पष्ट बंदी घातली, तर ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला. विद्यमान कायद्यांतच हे संरक्षण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. व्यक्तीला दोषी ठरवण्याऐवजी संस्थेला उत्तरदायी धरण्याचा मार्ग तेथे उपलब्ध होता, हा कराडच्या प्रकरणाशी तुलना करताना लक्षात येणारा फरक आहे.

नोंदींचे महत्त्व

सध्याच्या चौकटीत तक्रारदाराची बाजू भक्कम होते ती तुलनेतून. समान पात्रता, समान काम आणि समान ज्येष्ठता असलेल्या सहकाऱ्याला काय मिळाले, आपल्याला काय नाकारले गेले आणि त्याची कोणती कारणे लेखी देण्यात आली, ही माहिती तारखांसह मांडता आली तर आरोप तपासता येतो. सरकारी कर्मचाऱ्याला माहिती अधिकार, अहवालाची प्रत आणि खात्यातील आरक्षणविषयक संपर्क अधिकारी हे मार्ग उपलब्ध आहेत. न्यायाधिकरणाची एक वर्षाची मुदत उलटून गेल्यास विलंबाचे समाधानकारक कारण द्यावे लागते. त्याशिवाय सबळ तक्रारही गुणदोषांपर्यंत पोहोचत नाही.

संस्थांसाठीही नोंदी तितक्याच उपयोगी आहेत. निवडीचे निकष आधी जाहीर केलेले असतील, नकाराची कारणे लिहून ठेवलेली असतील आणि महत्त्वाची कामे कोणाला दिली याचा तपशील उपलब्ध असेल, तर निराधार आरोपाला उत्तर देणे सोपे जाते. ज्या अधिकाऱ्याने शेरा प्रामाणिकपणे लिहिला, त्याचे संरक्षणही त्या शेऱ्यामागील नोंदींतूनच होते.

कराडच्या भांडारपालाची तक्रार आणि वरिष्ठांचा बचाव यांपैकी खरे काय होते, हे ठरवण्यासाठी फौजदारी खटल्याची गरज नव्हती. दोन्ही बाजू ऐकून, अहवाल व इतर कर्मचाऱ्यांचे अहवाल शेजारी ठेवून, मुदतीत निष्कर्ष देणारा एक स्वतंत्र मंच पुरेसा ठरला असता. समान संधी आयोगाचा आराखडा देणाऱ्या अहवालापासून आजवर तशी यंत्रणा उभी राहिलेली नाही. ती उभी राहीपर्यंत प्रत्येक आरोप न्यायाधिकरणाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या दारातूनच जाणार आहे.